मेट्रनबाईंचा सत्कार

सेक्रेटरी फक्त एक वाक्य बोलले होते, आणि तेही चहा यायला उशीर होत होता म्हणून.

सेवा क्लबाची मासिक सभा होती. ठराव संपले होते, चहाचा पत्ता नव्हता, आणि अशा वेळी सभेत जी शांतता पसरते ती सेक्रेटरींना कधीच सोसत नसे. ते म्हणाले, "आपल्याकडे जी माणसं मनापासून काम करतात, त्यांचा कधीतरी सत्कार व्हायला हवा."

एरवी अशी वाक्यं हवेत विरून जातात. पण क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. समोरच्यानं तोंड उघडलं की आत काहीतरी सापडतंच, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव. ते ताडकन म्हणाले, "उत्तम सूचना! एकमतानं मंजूर. ज्यांची सूचना, त्यांची जबाबदारी." टाळ्या पडल्या आणि पाठोपाठ चहा आला. तो दोन मिनिटं आधी आला असता तर पुढचा महिनाभर सेक्रेटरींना झोपेच्या गोळीची चौकशी करावी लागली नसती.

सेक्रेटरी विमा कंपनीतून निवृत्त झालेले. तिथे त्यांचं काम दावे तपासण्याचं. माणूस मेला म्हणून भागत नसे, तो मेला याचा कागद त्यांना लागे. त्यामुळे 'मनापासून काम करणारी माणसं' हे शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला तो पुराव्याचा. मनापासून म्हणजे नेमकं किती?

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. दोन गॅलऱ्यांच्या मधल्या कठड्यावर कोपर टेकून सल्ला देणं हा त्यांचा सकाळचा व्यायाम होता. ते म्हणाले, "सोपं आहे. फॉर्म काढा. हजेरीला वीस गुण, कामाच्या तासांना पन्नास, वर्तणुकीला तीस. पस्तीसच्या खाली नापास."

"अहो, सत्कार करायचाय. नापास कुणाला करू?"

"मग सत्काराला अर्थ काय राहिला?" मास्तर म्हणाले आणि पेपर घेऊन आत गेले.

फॉर्म निघाला. एकसष्ट सभासदांना वाटला. आठवड्यात अठ्ठावन्न भरून परत आले. अठ्ठावन्न माणसं मनापासून काम करत होती! क्लबाचं काम आजवर उरकलं कसं नाही, याचंच नवल वाटावं. एकानं रोजचे सव्वीस तास लिहिले होते. दुसऱ्यानं तासांच्या रकान्यात 'देहानं घरी, मनानं क्लबात' असं लिहून खाली झोकात सही ठोकली होती. वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेकांनी आपल्या बायकोची शिफारस जोडली होती. एकाच्या बायकोनं मात्र 'विचार करून कळवते' एवढंच लिहिलं होतं.

फॉर्म न भरणारे तिघं. एक परगावी गेलेला. उरलेले दोघं म्हणजे मेट्रनबाई आणि पाना. क्लबाचं जे काही खरं काम होतं ते या दोघांच्याच अंगावर होतं, हे सेक्रेटरींना फॉर्म काढण्याआधीही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं.

वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत क्लबाचं साहित्य केंद्र होतं. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचं हाड मोडलं की लोक तिथे यायचे आणि व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, जे लागेल ते फुकट वापरायला घेऊन जायचे. मेट्रनबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या. अडुसष्टाव्या वर्षीही पांढरे कॅनव्हासचे बूट घालून टकटक चालायच्या. केंद्राची किल्ली त्यांच्याकडे. अकरा वर्षांत त्यांनी ते एक दिवसही उशिरा उघडलं नव्हतं. पाना हा निवृत्त बस-मेकॅनिक. खिशात कायम दहा-बाराचा पाना, म्हणून हे नाव. मोडकी व्हीलचेअर त्याच्या हाती पडली की तासाभरात धावायला लागे.

सेक्रेटरी फॉर्म मागायला केंद्रात गेले तेव्हा मेट्रनबाई एका कुबडीचं रबर बदलत होत्या.

"तुमचा फॉर्म राहिलाय."

"राहिला कुठे? तो काय." त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. फॉर्म चार घड्या करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलेला होता. "टेबल डुगडुगत होतं. फार उपयोगी पडला."

सेक्रेटरींचा स्वाभिमान थोडा दुखावला. फॉर्मचे रकाने त्यांनी पट्टीनं आखले होते. पण ते समजुतीनं म्हणाले, "असू दे. तुमचा आणि पान्याचा सत्कार नक्की झालाय. सन्मानचिन्हं द्यायची आहेत."

मेट्रनबाईंचा हात थांबला. "माझा नको."

"का हो?"

"इस्पितळात केला होता. भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. डॉक्टर म्हणाले, बाई म्हणजे या वॉर्डचा आत्मा. दुसऱ्या दिवशी सवयीनं वॉर्डात गेले तर वॉचमननं दारातच अडवलं. म्हणाला, भेटायची वेळ चारला." त्यांनी रबर दाबून बसवलं. "माणसाला घालवायचं असलं की सत्कार करतात, सेक्रेटरी. मी पाहिलंय. माझा केलात तर किल्ली तुमच्या हातात देईन."

सेक्रेटरींना हा विनय वाटला. विम्याच्या कचेरीत त्यांनी विनय फारसा पाहिलेला नसल्यामुळे त्यांचा असा गैरसमज होणं साहजिक होतं.

इकडे क्लबात गहजब उडाला. दोघांनाच चिन्हं मिळणार हे फुटताच अठ्ठावन्न समर्पित सभासदांची तोंडं फुगली. सेक्रेटरींच्या न्हाव्यानं, तोही सभासद, त्यांची दाढी अर्ध्यावर ठेवून विचारलं, "म्हणजे आम्ही काय नुसते चहाला येतो?" उघड्या वस्तऱ्यासमोर असल्या प्रश्नाचं एकच उत्तर असतं. सेक्रेटरी म्हणाले, "छे छे, तुमचंही काहीतरी आहे."

हे 'काहीतरी' अध्यक्षांनी उचलून धरलं. सन्मानचिन्हं दोघांना, पण प्रमाणपत्र सर्वांना. आणि प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर एक खास विशेषण. ते कोण लिहिणार? सेक्रेटरी. त्यांचं अक्षर चांगलं होतं, ही त्यांची दुसरी चूक.

तीन दिवस जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं, प्रमाणपत्रं होती. उत्साही, तत्पर, निष्ठावान, कार्यकुशल इथवर गाडी बरी चालली. विसाव्या प्रमाणपत्राला विशेषणं संपली. बायको भाजी निवडता निवडता मदत करत होती.

"ते लाकूडवाले. त्यांना काय लिहू?"

"काय करतात ते क्लबात?"

"काही नाही. पण येतात."

"मग 'उपस्थित' लिहा. खोटं तरी होणार नाही."

बातमी याही वेळी फुटली. लोक आपापलं विशेषण बदलून घ्यायला घरी येऊ लागले. 'उत्साही'ला 'निष्ठावान' व्हायचं होतं. 'निष्ठावान'ला त्यात कुत्र्याचा वास येत होता. लाकूडवाले मात्र 'उपस्थित' पाहून गहिवरले. म्हणाले, "इतकी वर्षं येतोय, कुणी दखल घेतली नव्हती."

आता सभागृह. नगरपालिकेच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवरचा कारकून सभ्य होता, हेच खरं दुर्दैव. उर्मट असता तर सेक्रेटरी भांडून परत तरी आले असते.

"कार्यक्रमाचा प्रकार?"

"सत्कार."

कारकुनानं कॉम्प्युटरात पाहिलं. "सत्कार नाहीये यात. चारच प्रकार आहेत. विवाह, प्रदर्शन, व्याख्यान, शोकसभा."

"मग व्याख्यान लिहा."

"व्याख्यानाला विषयाची मंजुरी लागते. तीन आठवडे. प्रदर्शनाला अग्निशमन दलाचा दाखला. विवाहाला दोन्ही पक्षांच्या सह्या." त्यानं आवाज खाली आणला. "शोकसभा मात्र लगेच मिळते. मरण काय तीन आठवडे आधी सांगून येतं?"

"पण आमच्याकडे कुणी मेलेलं नाही!"

"ते मी कुठे विचारतोय? कागद आमच्या फायलीत राहणार. बाहेर कोण बघतंय? रविवारी सकाळी दहा. एक नाव सांगा, संबंधित व्यक्ती म्हणून. रकाना एकच आहे."

जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे कागद संशयानं पाहिले, त्या सेक्रेटरींनी मेट्रनबाईंचं पूर्ण नाव सांगितलं आणि खाली सही केली. पण हॉल मिळाला होता, आणि हॉल मिळालेल्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी थोडी पातळ होते.

शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात मेट्रनबाई. त्या आत आल्या नाहीत. "निमंत्रणपत्रिका मिळाली," एवढंच म्हणाल्या आणि केंद्राची किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवून पांढऱ्या बुटांनी जिना उतरून गेल्या. सेक्रेटरी अनवाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत धावले. पण त्या वळूनही बघायला तयार नव्हत्या.

बायको म्हणाली, "नको म्हणाल्या होत्या ना त्या?"

"लोक म्हणतात असं."

"काही लोक खरंच म्हणतात," बायको म्हणाली आणि दार लावलं.

शनिवारी केंद्र सेक्रेटरींना उघडावं लागलं. नऊ वाजता बाहेर पाच माणसं उभी. पहिल्या बाईंनी बेडपॅन मागितलं. सेक्रेटरींनी सवयीनं वही उघडून विचारलं, "कशासाठी हवंय?" बाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत मेट्रनबाईंना शोधलं. मागच्या गृहस्थाला कुबड्या हव्या होत्या. सेक्रेटरींनी दोन सुबकशा निवडून दिल्या. तो तीन पावलं गेला आणि चौथ्या पावलाला डावीकडे कलून वाचनालयाच्या सायकलींवर जाऊन पडला. दोन्ही कुबड्यांची उंची वेगवेगळी होती.

पान्यानं येऊन त्याला उचललं. "मेट्रनबाई आधी माणसाला भिंतीशी उभं करून माप घेतात," तो म्हणाला. "मग चालवून बघतात. मग घरी जिने किती ते विचारतात. मग देतात."

"प्रत्येकाला?"

"अकरा वर्षं."

दुपारपर्यंत सेक्रेटरींचं बोट व्हीलचेअरच्या घडीत सापडलं होतं, नोंदवही उलटी लिहिली गेली होती आणि एका आजीबाईंनी त्यांना "तुम्ही नवीन का? शिकाल हळूहळू," असा धीरही दिला होता. आणि एक गोष्ट त्यांना पहिल्यांदाच लख्ख दिसली. मेट्रनबाई परत आल्या नाहीत तर केंद्र महिनाभरसुद्धा चालणार नाही. त्यांनी फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. वाजत राहिला.

रविवारी साडेनऊला ते सभागृहापाशी पोचले आणि जागच्या जागी थिजले. दारावरच्या काळ्या फलकावर नगरपालिकेच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: शोकसभा. आयोजक, सेवा क्लब. खाली मेट्रनबाईंचं पूर्ण नाव. कागद फायलीत राहिला होता, हे खरंच. पण फायलीवरून दर शनिवारी फलक लिहिला जातो, आणि तोच मजकूर मंडईतल्या, वाचनालयातल्या आणि इस्पितळातल्या फलकावरही जातो, हे त्या सभ्य कारकुनानं सांगितलं नव्हतं. सेक्रेटरींनी विचारलंही नव्हतं.

ते फलक पुसायला रुमाल शोधू लागले तोच मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. नळदुरुस्तीवाला होता. डोळे लाल, हातात वॉकर.

"चार वर्षं आमच्याकडे होता हा," तो म्हणाला. "आईसाठी नेला होता. आई बरी झाली, आणि आम्ही यावर कपडे वाळत घालत राहिलो. बाई तीनदा मागायला आल्या. आज देतो, उद्या देतो... त्या असताना द्यायला हवा होता हो."

"अहो, काहीतरी चूक झालीय. त्या..." सेक्रेटरी बोलता बोलता थांबले. त्या काय?

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. तेवढ्यात मेट्रनबाईंच्या इमारतीतली एक शेजारीण फुलं घेऊन आली. "शुक्रवारी संध्याकाळपासून कुलूप आहे," ती हुंदका देत म्हणाली. "आम्हाला काही कळलंच नाही."

शुक्रवारी संध्याकाळी किल्ली. शुक्रवारी संध्याकाळपासून कुलूप. शनिवारी फोन नाही, रविवारी फोन नाही. सेक्रेटरींनी नोकरीत याहून कमी पुराव्यावर दावे मंजूर केले होते. किल्ली ठेवताना त्या काय म्हणाल्या होत्या? काहीच नाही. निरोप घेणारं माणूस काय बोलणार! त्या घरी गेल्या असतील, बूट काढले असतील... पुढचं त्यांच्यानं मनातही आणवेना. आपण एका बाईला सत्कारानं मारलं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घण घालू लागला.

आणि लोक येतच राहिले. क्लबाच्या कार्यक्रमाला एरवी वीस माणसं आली तर अध्यक्ष छायाचित्रकाराला जवळून फोटो घ्यायला सांगत. आज साडेतीनशे खुर्च्या भरून माणसं भिंतींना टेकून उभी होती. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात काही ना काही. कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, एक पाण्याची गादी. सात व्हीलचेअर तर मधल्या वाटेत ओळीनं उभ्या होत्या. मेट्रनबाई हयातीत जे परत मागून मागून दमल्या, ते सगळं लोक ओशाळ्या चेहऱ्यानं आपणहून घेऊन आले होते.

अध्यक्षांनी वेळ ओळखली. सत्काराचं भाषण खिशात होतंच; पेन काढून त्यांनी 'आहेत'चं 'होत्या' करायला सुरुवात केली. पाना मात्र फलकासमोर बराच वेळ उभा होता. तो आत येऊन सेक्रेटरींच्या कानाशी लागला. "एकट्या बाईंचंच नाव कसं? आम्ही दोघं सोबत होतो ना? मी काय अमर आहे?" आणि एवढं बोलून तो खिशातला पाना हातात घट्ट धरून ढसाढसा रडला.

ठरलेला कार्यक्रम कुणालाच आठवत नव्हता. एक म्हातारे घड्याळजी काठी टेकत टेकत स्वतःच माइकपाशी गेले.

"मला झटका आला होता," ते म्हणाले. "अर्धं अंग गेलं. मी ठरवलं होतं, आता उठायचं नाही. पोरं म्हणाली, बाबा राहू दे. डॉक्टर म्हणाले, बघू. ही बाई वॉकर घेऊन घरी आली. वॉकर ठेवून जायचं काम तिचं. पण ती गेलीच नाही. चाळीस दिवस रोज संध्याकाळी आली. एकदा मी रडलो. मला म्हणाली, रडा, खुशाल रडा, पण उभं राहून रडा."

सभागृहात नाकं ओढण्याचे आवाज आले. न्हावी तर टॉवेलच घेऊन बसला होता. सेक्रेटरी व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभे होते. त्यांना समोरचं धूसर दिसू लागलं होतं. आपल्या पट्टीनं आखलेल्या रकान्यांत हे कुठे बसलं असतं? तासांत? वर्तणुकीत?

"मी रस्त्यापर्यंत चालत गेलो त्या दिवशी," घड्याळजी पुढे म्हणाले, "बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाल्या, उद्या कोपऱ्यापर्यंत. मला अजून आठवतं त्यांनी कसं शिकवलं ते. आधी पाय टाकायचा, मग वॉकर..."

"आधी वॉकर!" मागच्या दारातून आवाज कडाडला. "आधी वॉकर, मग अधू पाय! पाय आधी टाकलात तर तोंडावर पडाल! किती वेळा सांगितलं!"

साडेतीनशे माना एकदम वळल्या. दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. हातात प्रवासाची पिशवी, पायात पांढरे बूट, आणि चेहरा असा की मेलेलं माणूसही उठून बसावं.

एक बाई किंचाळली. कुणाच्या तरी हातून कुबड्या खाली पडल्या. मग सगळं सभागृह एकाच वेळी रडायला आणि हसायला लागलं, आणि दोन्ही जमेनासं झाल्यावर उभं राहिलं. अध्यक्षांनी घाईघाईनं पेन काढून 'होत्या'चं पुन्हा 'आहेत' केलं.

"बहिणीकडे गेले होते," मेट्रनबाई मधल्या वाटेनं येत म्हणाल्या. "फोन घरी ड्रॉवरमध्ये. परत येते तर मंडईच्या फलकावर माझी शोकसभा, माझ्याच दाराशी माझ्याच नावानं फुलं! कोणी मारलं मला?"

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी बोलायला तोंड उघडलं. पण तासाभराचं ओझं छातीवरून एकाएकी उतरलं की गुडघ्यांना ते कळायला वेळ लागतो. ते व्यासपीठाच्या पायऱ्या कशाबशा उतरले आणि समोर दिसली त्या व्हीलचेअरमध्ये धपकन बसले.

"तुम्ही आहात," ते एवढंच म्हणाले. "आहात तुम्ही."

मेट्रनबाईंनी पिशवी खाली ठेवली, त्यांचं मनगट हातात घेतलं आणि पान्याच्या घड्याळात बघत मनातल्या मनात मोजलं. "भरभर चाललीय. लांब श्वास घ्या. आणखी एक." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही खरंच घाबरलात की काय?"

"काल केंद्र उघडलं होतं मी," सेक्रेटरी म्हणाले. "एका माणसाला सायकलींवर पाडलं." मग त्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढून पुढे धरली. "तुम्हाला घालवायचं नव्हतं हो. तुमच्यावाचून आमचं चालत नाही, एवढंच सांगायचं होतं. ते सांगायला फॉर्म काढायची काय गरज होती, कुणास ठाऊक."

मेट्रनबाईंची नजर मधल्या वाटेतल्या व्हीलचेअरवर गेली, भिंतीशी टेकलेल्या वॉकरांवर गेली. "ही सगळी कुठून आली?" त्यांनी विचारलं. नळदुरुस्तीवाला मान खाली घालून पुढे झाला. मेट्रनबाईंनी त्याच्या हातातला वॉकर घेऊन भिंतीशी टेकवला. किल्ली घेतली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकली.

अध्यक्षांना राहवेना. त्यांनी खोक्यातून सन्मानचिन्ह काढून, वरचा कागद तिथेच फाडून ते मेट्रनबाईंच्या हातात दिलंच. चिन्ह त्याच सकाळी कोरणाऱ्याकडून थेट आलं होतं. मेट्रनबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "स्वार्थ सेवेबद्दल सप्रेम भेट."

सेक्रेटरी खुर्चीत ताठ झाले. "निःस्वार्थ! निःस्वार्थ लिहून दिलं होतं मी! दोनदा अधोरेखित करून!" कोरणाऱ्यानं कागदावरचा 'निः' फराटा समजून सोडून दिला असावा.

आता पुन्हा काहीतरी होणार म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला. मेट्रनबाईंचे खांदे हलू लागले. अकरा वर्षांत कुणी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. त्या डोळ्यांना पाणी येईतो हसल्या.

"हे मात्र बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "घरी बसले असते तर भिंतींशी बोलत सुटले असते. माझ्या स्वार्थासाठीच येते मी. द्या इकडे. हे भिंतीवर लावीन." त्यांनी चिन्ह काखेत मारलं. पान्यानं आपलं हातात घेतलं, तळाचा स्क्रू ढिला आहे हे अंगठ्यानं ओळखलं आणि धन्यवाद म्हणण्याआधी तो आवळून टाकला.

प्रमाणपत्रांचा गठ्ठा कुणालाच आठवला नाही. कारण मेट्रनबाईंनी हात वर करून जाहीर केलं होतं की हे सामान आत्ताच्या आत्ता केंद्रात पोचलं पाहिजे, आणि चाकं पुसल्याशिवाय एकही वस्तू आत येणार नाही. अठ्ठावन्न समर्पित सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. मग लाकूडवाल्यांनी कोट काढला आणि पहिली व्हीलचेअर धरली.

भर दुपारच्या रस्त्यावरून ती वरात निघाली. पुढे पांढऱ्या बुटांत मेट्रनबाई. मागे इस्त्रीच्या कपड्यांतले सभासद सात रिकाम्या खुर्च्या ढकलत, खांद्यांवर वॉकर, काखेत कुबड्या. अध्यक्षांच्या वाट्याला कमोडची खुर्ची आली होती. ओळखीचा रुग्ण दिसला की ते तिच्यामागे वाकत. घड्याळजी कडेकडेनं "आधी वॉकर, मग पाय" असं पुटपुटत चालले होते. सेक्रेटरींनाही मेट्रनबाईंनी खुर्चीतून उठवून तीच खुर्ची ढकलायला लावली होती. ऊन कडक होतं, दुखरं बोट ठणकत होतं, आणि असं हलकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी मारून दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या. एवढ्या खुर्च्या, एवढ्या कुबड्या बघून त्याचा चेहरा उतरला. तो धावत सेक्रेटरींपाशी आला.

"काय हो, कुठे मोठा अपघात झाला का?"

"झाला होता," सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "पण सगळे सुखरूप आहेत."